बोर्डाच्या दिवशी गोळी घ्यायची की नाही

मी दोनदा मेडिकल बोर्डापुढे गेले. पहिल्यांदा गोळी घेऊन, दुसऱ्यांदा न घेता. आजार तोच, फाइल तीच, टेबलापलीकडची तीन माणसंही तीच. पहिल्यांदा त्यांनी मला धडधाकट ठरवलं, दुसऱ्यांदा आजारी. दोन्ही वेळा घरी येताना मी संतापलेली होते, आणि दुसऱ्यांदा तर निकाल माझ्या बाजूने लागला होता.

हे लिहायचं कारण एवढंच, की हल्ली ओळखीच्या-अनोळखी बायका फोन करून विचारतात, "विनयाताई, ती जागं ठेवणारी गोळी घेऊ का हो?" मी डॉक्टर नाही. घ्या असंही सांगणार नाही, घेऊ नका असंही नाही. गोळी अंगात काय करते ते तुमचे डॉक्टर सांगतील. गोळी घेतल्यावर आजूबाजूची माणसं काय करतात, ते मात्र मला सांगता येईल.

ताप उतरला

मी मूळची नगरची. लग्न होऊन दिल्लीत आले त्याला बावीस वर्षं झाली. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरी, द्वारकेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, नवरा समीर गुरुग्रामला एका कंपनीत इंजिनिअर, मुलगी रूथ तेव्हा सातवीत. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीत घरोघरी चिकनगुनिया झाला. समीरलाही झाला. त्याचे सांधे महिनाभर दुखले आणि मग तो पूर्वीसारखा हिंडूफिरू लागला. माझाही ताप उतरला, सांधेही सुटले, पण अंगातला जोर काही परत आला नाही.

हे लक्षात आलं नाताळच्या खरेदीच्या वेळी. रूथला स्वेटर घ्यायला सरोजिनी नगरच्या मार्केटमध्ये गेलो. दोन तास हिंडलो, घासाघीस केली, छोले-कुलचे खाल्ले, मजेत घरी आलो. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून मला अंगावरची रजई बाजूला सारता येईना. चार दिवस तशी पडून होते. वाटलं, थंडी बाधली. मग जानेवारीत तसंच, फेब्रुवारीत तसंच. काही जास्तीचं केलं की दीड-दोन दिवसांनी कोसळायचं, हा नियमच झाला. झोपून उठलं तरी झोपण्याआधीइतकीच दमलेली.

आपल्याकडे ह्याला किती शब्द आहेत! थकवा, शीण, मरगळ, गळाठा. माझा होता तो गळाठा. पण दिल्लीतल्या डॉक्टरांना हिंदीत सांगायचं तर हाताशी शब्द एकच, 'कमजोरी'. आणि कमजोरीवर प्रत्येकाकडे उपाय तयार. "घी खाइए मॅडम." "सुबह पार्क में घूमिए." रूथने एकदा विचारलं, "मम्मा, गळाठा म्हणजे काय? बोर होणं का?" मी तिला हात उचलून दाखवायला गेले. तो उशीच्या वर आला नाही. "हे," मी म्हटलं. तिने पुन्हा कधी तो शब्द विचारला नाही.

सगळं नॉर्मल

दीड वर्ष तपासण्या चालल्या. रक्त, थायरॉइड, हृदय, डोक्याचा एमआरआय. प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल आला, आणि प्रत्येक नॉर्मल रिपोर्टबरोबर माझी पत थोडी कमी झाली. एका मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बंद केला आणि माझ्याकडे न बघता समीरला विचारलं, "घर में कोई टेन्शन है इनको?" मी दोन फुटांवर बसले होते! समीर म्हणाला, "नहीं सर, ऐसा तो कुछ नहीं." पण परत येताना गाडीत त्याने विचारलंच, "तसं काही आहे का?"

आमचा मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा एक प्रार्थनेचा गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. आमच्या घरची पाळी होती तेव्हा एक बंधू माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागले. "हे प्रभू, आमच्या ह्या भगिनीतून आळसाचा आत्मा दूर कर..." मी डोळे उघडले. शेजारी ओव्हाळकाकू बसल्या होत्या. आमच्याच सोसायटीतल्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचेही डोळे उघडे होते. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमेन!" झालं, सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि प्रार्थना तिथेच संपली. मग काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि काही न विचारता सगळी भांडी घासून ठेवली. त्या दीड वर्षात मला मिळालेलं सर्वात चांगलं औषध ते होतं.

एकच प्रश्न

निदान झालं द्वारकेतल्याच एका छोट्या हॉस्पिटलात. डॉक्टर बाई पन्नाशीच्या, चेहऱ्यावरून कडक. फाइल त्यांनी बाजूला ठेवली आणि विचारलं, "जिस दिन ज्यादा काम करती हैं, उसके अगले दिन क्या होता है? और उसके अगले दिन?"

दीड वर्षात हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. शेवटी त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. क्रॉनिक फटीग सिंड्रोम. ताप किंवा तसला संसर्ग होऊन गेल्यावर काही जणांना होतो. नेमका कुणाला आणि का, ते नीट कळलेलं नाही. बरं करणारं औषध नाही. जेवढं झेपतं त्याच्या आत राहायचं, हाच उपचार.

मी हसत होते आणि समीरचा चेहरा पडला होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुला आनंद कसला झालाय? औषध नाही म्हणाल्या त्या." त्याला समजावणं मला जमलं नाही. मी खोटारडी नाही हे कागदावर आलं होतं, एवढंच मला दिसत होतं.

ऑफिसात डॉक्टरांचं पत्र दिल्यावर वरच्या साहेबांनी तोंडी सवलत दिली. सकाळी अकराला यायचं, टेबल तळमजल्यावर, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. कसंबसं चालू लागलं.

गोळी

काही महिन्यांनी डॉक्टरांनी स्वतःच गोळीचा विषय काढला. सतत झोप येण्याच्या आजारावर देतात ती, मोडाफिनिल. माझ्या आजारासाठी ती बनलेली नाही, सगळ्यांना उपयोग होत नाही, काहींना त्रासच होतो, हे सगळं त्यांनी साफ सांगितलं. ईसीजी काढला, बीपी बघितलं. मग म्हणाल्या, "इससे थकान जाएगी नहीं. सिर्फ कम महसूस होगी. इसलिए जितना अभी करती हैं, उतना ही कीजिएगा. एक सीढी भी ज्यादा नहीं."

सकाळी अर्धी गोळी. पहिल्या दिवशी तासाभराने डोक्यातलं धुकं निवळलं. मी आमटीला फोडणी दिली आणि मोहरी तडतडली की कढीपत्ता टाकायचा हे मला आठवावं लागलं नाही. एक पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात वाचलं. मध्येच रूथशी भांडलेही. ती ओरडली, "पप्पा, मम्मा is back!" समीरने येऊन मला मिठी मारली.

तोंड कोरडं पडायचं, भूक मरायची, छातीत कधी कधी धडधडायचं. पण चार तास मी मी असायचे. त्या चार तासांसाठी मी त्या गोळीची आजही ऋणी आहे. माझा राग गोळीवर नाही.

बिल्कुल ठीक

तीन आठवड्यांत साहेबांनी बोलावलं. "अब तो आप बिल्कुल ठीक लग रही हैं. चेहरे पे रौनक है." मी सांगितलं, औषध चालू आहे, औषधाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. ते म्हणाले, "तो दवा लीजिए ना रोज. प्रॉब्लेम क्या है?" तोंडी दिलेली सवलत तोंडीच गेली. टेबल दुसऱ्या मजल्यावर, नऊ वाजता हजेरी, आणि वर संसदेच्या अधिवेशनाचं काम. अधिवेशन चालू असताना आमच्याकडे संध्याकाळचे आठ कधी वाजतात कळत नाही.

बातमी ऑफिसभर पसरली की विनया मॅडम कसली तरी ताकदीची गोळी घेतात. शेजारच्या टेबलावरच्या भल्ला मॅडम, ज्या इतके दिवस मला ऐकू येईल अशा बेताने "ड्रामा" म्हणायच्या, त्या डबा उघडता उघडता म्हणाल्या, "यार विनया, दो-चार मुझे भी दे दे. मेरी भतीजी का एक्झाम है." मी नाही म्हटलं तर महिनाभर त्यांनी बोलणं टाकलं.

आणि घर? घरचं सांगायला जास्त जड जातं. एका रविवारी समीरची मोठी बहीण, मार्थाताई, पिंपरीहून येणार होत्या. रविवारी मी गोळी घेत नसे. तो माझा पडून राहायचा दिवस. समीर दाढी करता करता म्हणाला, "आज घे ना एक. ताई वर्षाने येतेय. तिला काय वाटेल?"

"ताईंना काय वाटायचं ते वाटू दे," मी म्हटलं. "मला डॉक्टरांनी रविवार मोकळा ठेवायला सांगितलाय."

"एक दिवस, विनया. ऑफिससाठी घेतेस, घरासाठी नाही घेणार?"

मी घेतली. अख्खी घेतली. मटण केलं, हसले, ताईंना द्वारकेतलं सगळं मार्केट हिंडवून आणलं. जाताना ताई म्हणाल्या, "अगं, तू तर मस्त आहेस! समीर उगीच काळजी करत होता." मला तेव्हा राग यायला हवा होता. मी खूश झाले. ते आठवलं की आता स्वतःचाच राग येतो.

त्यानंतर रोज अख्खी. सकाळी एक आणि वर तीन-चार चहा. डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी थांबवलं असतं, आणि थांबणं मला कुणी परवडू देत नव्हतं.

कोसळणं

अधिवेशन संपायच्या आठवड्यात एका सकाळी मी दात घासत होते आणि ब्रशचा हात खाली आला. परत वर जाईना. मी बाथरूमच्या फरशीवर बसले. तोंडात फेस तसाच. छाती अशी धडधडत होती की गाऊनवरूनही दिसावं. समीरने दार ढकललं, मला बघितलं आणि पहिला शब्द काढला तो हा, "किती घेतल्यास?"

तो कपाटाकडे धावला, स्ट्रिप आणली, माझ्यासमोर बसून गोळ्या मोजल्या. हिशेब बरोबर भरला, रोजची एकच. मला जन्मात इतकं एकटं वाटलं नव्हतं.

हॉस्पिटलात चार दिवस होते. सकाळी सहाला बीपी, सातला चहा-बिस्किट, नऊला राउंड, आणि मधे पडद्यापलीकडची पेशंट मोबाइलवर मोठ्याने भजनं लावायची. हृदय ठीक होतं. गोळी बंद केली. मला पडद्यातून येणारा उजेडही सहन होत नव्हता. एक मल्याळी नर्स होती, तिने स्वतःची ओढणी खिडकीला अडकवली आणि पाळी संपल्यावर ती तशीच ठेवून गेली.

डॉक्टर बाई माझ्यावर चिडल्या आणि मग समीरकडे वळल्या. "आप रोज लिखिए. इन्होंने क्या किया, और उसके बाद दो दिन क्या हुआ. आप अपनी आँख से देखकर लिखिए." समीर इंजिनिअर माणूस, वही आणली आणि लिहू लागला. सुरुवातीला मला ती पाळतच वाटायची. पण महिन्याभरात त्याचं बोलणं कमी झालं. पाहुणे आले की तोच दारात सांगू लागला, "आज विनया भेटणार नाही." त्याने कधी माफी मागितली नाही. एकदा मात्र जेवताना वर न बघता म्हणाला, "मंगळवारचं गुरुवारी येतं. मला वाटायचं तू गुरुवारी नाटक करतेस."

पहिला बोर्ड

मी सवलतीसाठी लेखी अर्ज केला. ऑफिसने तो मेडिकल बोर्डाकडे पाठवला. अर्जासोबत मी माझ्या हाताने लिहिलेली दोन पानं जोडली होती. कुठल्या दिवशी काय केलं आणि पुढे किती दिवस पडून होते, तारीखवार.

तोवर डॉक्टरांनी अर्धी गोळी पुन्हा सुरू केली होती, आठवड्यातून तीनच दिवस. बोर्डाच्या सकाळी मी ती घेतली. न घेता मेट्रोने तिथे पोचणार कशी, बोलणार कशी? दोन तास बाकावर बसले, मग आत गेले आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं.

मधले डॉक्टर म्हणाले, "आप तो बहुत अच्छा बोल रही हैं."

"सर, मैंने आज दवा ली है."

"दवा लेके आप काम कर सकती हैं?"

"चार घंटे, सर. फिर दो दिन..."

"मतलब कर सकती हैं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. डावीकडच्या बाई हसून म्हणाल्या, "नींद भगाने की गोली खाती हैं, और कहती हैं थकी हुई हूँ."

साखरेच्या रुग्णाला इन्सुलिन घेतल्यावर कुणी म्हणतं का, की तुम्हाला डायबेटिस नाही? चष्मा लावून वाचणाऱ्याला कुणी म्हणतं का, तुमचे डोळे उत्तम? हे सगळं मला तिथेच सुचलं होतं. मी बोललेही. त्याचा एवढाच परिणाम झाला की निकालात एक ओळ वाढली, 'रुग्ण सतर्क व वादविवाद करण्यास सक्षम.'

दुसरा बोर्ड

अपील केलं. तारीख आली तेव्हा घरात तो एकच विषय होता. गोळी घेतली तर ठणठणीत दिसणार. नाही घेतली तर तोंडातून वाक्य निघणार नाही. डॉक्टर बाईंना विचारलं. "मैं क्या कहूँ," म्हणाल्या. "बीमार दिखना इलाज का हिस्सा तो नहीं होना चाहिए."

मी घेतली नाही. समीरने रजा काढली, टॅक्सी केली, मला मागच्या सीटवर आडवं केलं. आत गेल्यावर मी बोलायला सुरुवात केली, "सर, मैं दफ्तर... दफ्तर में जो..." आणि 'सीढी' हा शब्द मला सापडेना. हिंदीतही नाही, मराठीतही नाही. मी हाताने पायऱ्या दाखवू लागले. समोरच्या बाईंनी, त्याच बाईंनी, पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मला तो त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला. उचलला मात्र दोन्ही हातांनी.

मग समीरने वही उघडली. मराठीत लिहिलेलं हिंदीत करत वाचू लागला. मंगळवार, ऑफिस, चार तास. बुधवार, दुपारपर्यंत अंथरुणात. गुरुवार, खुर्चीवर बसून आंघोळ, केस मुलीने पुसले. तिघंही ऐकत होते. मधले डॉक्टर मान हलवत होते.

"आपके हजबंड ने बहुत सिस्टमॅटिकली लिखा है," ते मला म्हणाले. "ये सब आपने पहले क्यूँ नहीं बताया?"

माझी दोन पानं त्यांच्या कोपराखालच्या फाइलमध्ये होती. तेच वार, तेच दुखणं, तीच उतरण. मला ओरडून सांगायचं होतं. माझ्याकडे शब्द नव्हते. मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं मला बरं वाटलं.

सवलत मिळाली.

तीन दिवसांनी मला बोलता आलं. समीर पेज घेऊन आला होता. मी म्हटलं, "माझी पानं त्याच फाइलमध्ये होती."

"माहितीये."

"मग तिथे का नाही सांगितलंस?"

"वाटलं, चिडतील. होत आलेलं काम बिघडेल." तो वाटीत चमचा फिरवत राहिला. "आणि खरं सांगू? ती पानं मीही वाचली नव्हती. वही लिहायला लागल्यावर वाचली."

त्या दिवशी मी त्याच्याशी पुढे बोलले नाही. अंगात जोर नव्हता हे खरं, पण असता तरी बोलले नसते. पेज मात्र खाल्ली. त्याने मीठ जास्त घातलं होतं.

आता

आता टेबल तळमजल्यावर आहे, दोन दिवस घरून काम, अकराला हजेरी, आणि हे सगळं लेखी आहे. अर्धी गोळी आठवड्यातून तीन दिवस. कुठले तीन, ते मी ठरवते, आणि त्यातला एक ऑफिसचा नसतो. हे लिखाणही मी अशाच सकाळी थोडं थोडं करून पूर्ण केलंय. महिना लागला. मधले कितीतरी दिवस मी पडून होते, ते ह्यात कुठे दिसत नाहीत. दिसणारही नाहीत. तुमच्या घरात असं कुणी असेल, आणि ते आज सकाळी हसत-बोलत असेल, तर परवा काय होतं ते बघायला थांबा. आणि त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं असेल, तर ते आधी वाचा.

सवलत एका वर्षाची आहे. पुढच्या महिन्यात मला परत बोर्डापुढे उभं राहायचंय. ह्या वेळी मी गोळी घेऊन जाणार आहे. सतर्क आणि वादविवाद करण्यास सक्षम. माझीच पानं, माझ्याच तोंडाने वाचणार. नाकारलं तर पुन्हा अपील करीन.

काल समीरने विचारलं, "रजा टाकू का? मी येऊ?"

"ये," मी म्हटलं. "पण बाहेर बाकावर बस."